कलमांचा धंदा: दापोलीचा वर्ग की मुकादमाचा हात?

गुहागरचा माड: भाचा बारावी सायन्स झाला. घरची तीसेक हापूस कलमं आहेत, पुढे रोपवाटिका काढायचं मनात आहे. दापोलीला उद्यानविद्येच्या पदवीला 4 वर्षं द्यावीत, की जाणत्या मुकादमाच्या (कलमवाल्याच्या) हाताखाली दोन हंगाम काढावेत? घरात दोन तट पडलेत. कुठे काय शिकायला मिळतं ते नेमकं सांगा.

कातळावरचा: कलम बांधणं फळ्यावर शिकवून येत नाही. कोय कलमाला, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधायच्या कलमाला, रायवळच्या (गावठी आंब्याच्या) ताज्या कोयी लागतात, महिनाभर पडून राहिल्या तर धड उगवत नाहीत. रोप 15-20 दिवसांचं, पानं तांबूस आणि खोड लुसलुशीत असतानाच बांधायचं. पानं हिरवी झाली म्हणजे उशीर झाला. त्यावर बांधायची हापूसची काडी 3-4 महिन्यांची, रोपाच्या जाडीची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला. त्यासाठी 8-10 दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापायची. रोप 7-8 सेंमीवर छाटून मधोमध 4-5 सेंमी चीर द्यायची, काडीला तेवढीच पाचर. पाचर एका कापात उतरली पाहिजे. तासत बसलात तर ती उंचसखल होते, जोडात पोकळी राहते आणि काडी काळी पडते. काडी बारीक असेल तर एका बाजूची साल तरी सालीला भिडवा. मधोमध बसवलीत तर दोन्हीकडून हुकते. प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळायची, कौलं लावतात तशी, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही.

तांबूस कधी सरतं, हे शे-दोनशे काड्या वाया घालवल्याशिवाय कळत नाही. मुकादमाकडेच पाठवा.

चौदा आणे: कलम बांधता आलं म्हणजे बाग सांभाळता आली असं नाही. पॅक्लोब्युट्राझॉलच घ्या, म्हणजे वाढ रोखून मोहोर आणणारं औषध. अंदाजाने औषध ओतणारे कमी नाहीत. मात्रा झाडाच्या घेरावर ठरते: पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर विस्तार मोजून सरासरी काढायची, दर मीटरला 25 टक्क्यांचं औषध 3 मिली. विस्तार 6 आणि 8 मीटर असेल तर सरासरी 7, म्हणजे 21 मिली. ते 3 ते 6 लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि घेराची कड यांच्या मध्यावर गोलाकार 25-30 भोकं पाडून, 10-12 सेंमी खोल सारखं वाटून द्यायचं. वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट. आधी तण काढा. मात्रा जास्त झाली तर पालवी आखडते, मोहोर गुच्छासारखा गच्च येतो. अशक्त झाडाला देऊच नये, आणि देणार असाल तर खतात हात आखडू नका.

काढणीचं मात्र दोघांचं जमतं. मुकादम ‘चौदा आणे तयार’ म्हणतो, दापोलीचं विद्यापीठ 85 टक्के म्हणतं. शंका आली तर आंबा पाण्यात टाका, बुडला तर तयार. झाडावर पिकू दिलात तर साक्याचं (गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचं) प्रमाण वाढतं.

रायवळ: परवान्याचं कुणी बोललं नाही. फळरोपवाटिकांसाठी राज्याचा 1969 चा कायदा आहे, कलमं विकायला परवाना लागतो. खुंट (खालचं रोप) कुठला, काडी कुठल्या झाडाची, याची वही ठेवावी लागते. मुकादमाच्या डोक्यात सगळं असतं, वहीत काही नसतं.

गुहागरचा माड: म्हणजे दोन्ही हवं. कुठलं आधी?

कातळावरचा: कॉलेज सुरू होईपर्यंत जुलै-ऑगस्ट हातात असेल तर चाकू आधी.

चौदा आणे: पदवी घेतलीच तर चौथ्या वर्षी गावात राहून कामाचं सत्र असतं. पण तोवर हात गंजू देऊ नका, सुट्टी हंगामात पडते का ते बघा.

गुहागरचा माड: पट्टी कधी सोडायची?

कातळावरचा: जोड भरून फूट पक्की झाली की. राहून गेली तर जोडापाशी खोड आवळतं आणि वाऱ्याने तिथेच मोडतं. जोडाखाली कोंब दिसला तर त्याच दिवशी खुडा, तो रायवळचा असतो.