वीज गेल्यावर रीबूट, पावसात सिग्नल डाऊन: या दोन वेगळ्या भानगडी आहेत

टॉवरवरचा वायरलेस इंटरनेट लिंकचा रेडिओ लाईट गेल्यावर बॅटरीवर तासाभरात रीबूट होतो आणि पावसात त्याचा सिग्नल पडतो म्हणताय, आणि त्याला वीज देणारी नेटवर्क केबल ६० मीटर. इंजेक्टरवर (नेटवर्क केबलमध्ये वीज सोडणाऱ्या खालच्या डबीवर) २४ व्होल्ट दिसतात म्हणून ॲडाप्टरला क्लीन चिट देऊ नका. मल्टिमीटर टॉवरवर न्या, आणि रेडिओ चालू असताना मोजा. चांगल्या तांब्याच्या कॅट-५ईचा जाऊन-येऊन रोध ६० मीटरला साधारण ५.५ ओहम (वीज नेणाऱ्या तारांच्या दोन जोड्या धरून). ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असेल तर ८ च्या पुढे. अशा मुलाम्याच्या केबलवर बॅटरी २१ व्होल्टवर आली की ८ वॅटच्या रेडिओला वर सतरा-साडेसतरा व्होल्टच पोचतात. शिवाय व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो, म्हणजे ड्रॉप आणखी वाढतो. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी (म्हणजे ॲल्युमिनियम) निघाली तर केबल बदला, बाकी उपाय फुकट.

पावसात सिग्नल −५८ वरून −७१ dBm? ५ गिगाहर्ट्‌झला पाऊस इतका खात नाही, पन्हाळ्याकडचा धो-धो असला तरी. दोन्ही चेनचे (रेडिओच्या दोन अँटेना-वाटांचे) आकडे वेगवेगळे बघा. एकच पडली असेल तर पिगटेल (रेडिओ ते अँटेना छोटी केबल) किंवा कनेक्टरमध्ये पाणी आहे. कनेक्टर बदला, वर सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप ताणून, त्यावर पीव्हीसी टेप खालून वर गुंडाळा. दोन्ही सारख्याच पडल्या तर वाटेतली ओली झाडं किंवा हललेला मास्ट (अँटेनाचा खांब).

आणि ऊस विसरू नका. ५ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेखाली सुमारे ५ मीटर मोकळी जागा लागते. उन्हाळ्यात लावलेली लिंक ऊस ३ मीटर झाल्यावर रुसते.