सीई राउटरवर व्हीआरएफ कशाला? पीईवर आहेत तेवढे पुरेत

लेबलस्वॅप (धागाकर्ता)
हल्ली जो उठतो तो सीईवर, म्हणजे ग्राहकाच्या टोकाच्या राउटरवर पण व्हीआरएफ (एकाच राउटरमध्ये वेगवेगळी राउटिंग टेबलं) टाकतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक ठिकाणी त्याची काही गरज नाही. अशा व्हीपीएनचा मानक दस्तऐवज, आरएफसी ४३६४ (२००६ चा, त्याच्या आधी १९९९ चा २५४७) काढून बघा, वेगवेगळी राउटिंग टेबलं सांभाळायचा भार प्रोव्हायडरच्या पीईने (त्याच्या बाजूच्या टोकाच्या राउटरने) उचलायचा हीच त्याची मूळ मांडणी आहे. सीईला व्हीपीएनचा पत्ताही लागायची गरज नाही. तो साधा आयपी राउटर, पीईशी बीजीपी किंवा ओएसपीएफ (रूट एकमेकांना कळवायचे प्रोटोकॉल) बोलतो नाहीतर स्टॅटिक रूट टाकायचा, विषय संपला. पॅकेट प्रोव्हायडरच्या जाळ्यातून नेणारी एमपीएलएसची लेबलं एका पीईवर लागतात, दुसऱ्या पीईवर निघतात, सीईपर्यंत येतच नाहीत.

आता सीईवर चार व्हीआरएफ केले आणि दोन पीईंशी जोडणी असेल तर आठ सबइंटरफेस (एका पोर्टचे आभासी भाग), आठ व्हीलॅन नंबर आणि आठ राउटिंग सेशन झाली, आयपीव्ही६ वेगळं. नवीन टेबल पाहिजे असेल तर प्रत्येक वेळी प्रोव्हायडरला सांगा, नंबर जुळवा, दोन्हीकडे कॉन्फिग करा. शिवाय एनटीपी (घड्याळ), सिसलॉग (नोंदी), लॉगिनचा सर्व्हर या सगळ्यांना कुठल्या टेबलातून जायचं ते सांगत बसा. पाहुण्यांचं वायफाय आणि ऑफिसचं नेटवर्क वेगळं ठेवायचंय एवढंच असेल तर फायरवॉल आहे की.

सबइंटरफेस
पूर्ण असहमत. पीईवर शंभर टेबलं असली तरी त्याचा काय उपयोग जर पॅकेट पीईपर्यंत जाणारच नसेल? सीईवर एकच टेबल आहे, एका पोर्टवर पाहुणे १०.१.२०.०/२४ आणि दुसऱ्यावर पेमेंटची मशीनं १०.१.३०.०/२४. दोन्ही कनेक्टेड रूट, म्हणजे सीईला थेट जोडलेले. पाहुण्याने १०.१.३०.५ ला पॅकेट पाठवलं की सीई तिथल्या तिथे वळवून देणार, वर प्रोव्हायडरला कळणारसुद्धा नाही. आरएफसीमध्ये सीई साधा आहे कारण तिथे सीईमागची साइट एकाच व्हीपीएनची धरली तर चालतं, एका साइटमध्ये तीन व्हीपीएन राहत असतील तर तुकडे सीईवरच पाडावे लागतात.

लेबलस्वॅप
@सबइंटरफेस, त्यासाठी एसीएल (कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं याची यादी) असते. दोन ओळींचं काम, त्याच्यासाठी अख्खी टेबलं कशाला वाढवायची?

सबइंटरफेस
दोन ओळी पहिल्या दिवशी असतात हो. नंतर सबनेट वाढतात, कोणीतरी घाईत एक परमिट वरती टाकतं, आणि माझा सगळा आक्षेप इथेच आहे, की एसीएलमध्ये ओळ विसरलात तर ट्रॅफिक चालू राहतो आणि कोणाला कळत नाही, व्हीआरएफमध्ये काही विसरलात तर ट्रॅफिक बंद पडतो आणि पाच मिनिटांत फोन येतो. मला दुसरी चूक परवडते, पहिली नाही. आणि दोन कंपन्या एकत्र झाल्या, दोघींकडे १०.१.१.०/२४, दोन्ही एकाच बिल्डिंगमध्ये, तर एसीएल काय करणार? एका टेबलात तोच प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) दोन वेगळ्या अर्थांनी बसत नाही.

रात्रपाळी
मुद्दे दोघांचेही ऐकले पण निस्तरायला लागतं ते आमच्यासारख्यांना, म्हणून लिहितो. सीईवर व्हीआरएफ आणि पीईशी ओएसपीएफ ही जोडी लावली की हमखास दिसणारी गोष्ट: नेबर फुल (शेजारी राउटरशी जोडणी पूर्ण), डेटाबेसमध्ये दुसऱ्या साइटचा एलएसए (ओएसपीएफची रूटची नोंद) व्यवस्थित दिसतोय, आणि राउटिंग टेबलात तो रूट नाहीच. माणूस एरिया, एमटीयू, फिल्टर सगळं तपासत बसतो. एलएसए उघडून ऑप्शन्सची ओळ वाचा, तिथे ‘डाउनवर्ड’ लिहिलेलं असतं. हा डीएन बिट. पीई बीजीपीतून ओएसपीएफमध्ये रूट सोडताना तो लावतो, म्हणजे दुसऱ्या पीईने तोच रूट परत बीजीपीत ढकलून लूप करू नये. आता सीईवर ओएसपीएफ व्हीआरएफच्या आत चालतंय म्हटल्यावर काही राउटर स्वतःलाच पीई समजतात आणि रूट टाकून देतात. त्यावर ‘कॅपेबिलिटी व्हीआरएफ-लाइट’ ही एका ओळीची कमांड आहे, पण ती माहीत असायला लागते. आणि ती दिल्यावर डीएन बिटची तपासणी बंद होते, त्यामुळे सीईवर दोन प्रोसेसमध्ये इकडून तिकडे रिडिस्ट्रिब्युशन असेल तर रूटला टॅग लावून फिल्टर केल्याशिवाय देऊ नका.

अजून एक, चालू इंटरफेस व्हीआरएफमध्ये टाकला की बऱ्याच राउटरवर त्याचा आयपी पत्ता उडतो. लांबून त्याच इंटरफेसवरून लॉगिन असाल तर तुम्ही बाहेर.

लेबलस्वॅप
हेच तर मी म्हणतोय! ज्या साइटवर नेटवर्कचा माणूस नाही तिथे हे लोढणं कशाला.

बीजीपीप्रेमी
मग ओएसपीएफ नका लावू, सीई-पीईमध्ये बीजीपी लावा, डीएन बिटचा प्रश्नच नाही. सगळ्या साइटना एकच एएस नंबर (बीजीपीत नेटवर्कची ओळख) असेल तर सीई स्वतःचा नंबर पाथमध्ये बघून रूट नाकारेल, त्यासाठी पीईवर एएस-ओव्हरराइड, म्हणजे पीई पाथमधला तो नंबर बदलून स्वतःचा टाकतो. आणि ओव्हरराइड केलं की दोन पीईंना जोडलेल्या साइटवर साइट ऑफ ओरिजिन (रूट कुठल्या साइटचा त्याची खूण) लावाच, नाहीतर साइटचा रूट फिरून त्याच साइटवर येऊ शकतो.

अजून एक गैरसमज नेहमी दिसतो म्हणून सांगतो, आरडीने (रूट डिस्टिंग्विशर) वेगळेपणा येतो असं लोक धरून चालतात. आठ बाइटचा आरडी फक्त प्रीफिक्सला वेगळी ओळख देतो म्हणजे बीजीपीत दोघांचे १०.१.१.०/२४ एकमेकांना पुसत नाहीत. कुठला रूट कुठल्या टेबलात जाणार ते इम्पोर्टचा रूट टार्गेट (रूटला लावलेली दुसरी खूण) ठरवतो. तिथे एक आकडा चुकला की एका ग्राहकाचे रूट दुसऱ्याकडे. म्हणजे ‘पीईवर आहे ना, मग सुरक्षित’ हे पण डोळे मिटून मानू नका, आणि व्हीआरएफ म्हणजे एन्क्रिप्शन नाही, सीईवर असो की पीईवर.

लेबलस्वॅप
पत्ते एकमेकांवर चढत असतील तर सीईवर व्हीआरएफ लावा, तिथे माझा वाद नाही. बाकी ठिकाणी सगळी सबनेट फायरवॉलवर संपवा, सीईला एकच टेबल द्या. नियम एका जागी, लॉग एका जागी.

सबइंटरफेस
फायरवॉलला माझा विरोध नाहीच, पण तुमच्या मांडणीत फायरवॉलच्या वर सीईपासून पुढे सगळं पुन्हा एका टेबलात येतं. मग दुसऱ्या साइटवरचे पाहुणे आणि इथलं पेमेंट एकाच व्हीपीएनमध्ये, आणि प्रत्येक साइटच्या फायरवॉलवर एकमेकांचे नियम सांभाळायचे. त्यापेक्षा व्हीआरएफ सीईपासून सीईपर्यंत वेगळे न्या आणि मुख्य साइटवर फायरवॉल त्यांच्या मध्ये बसवा, प्रत्येक टेबलाचा डीफॉल्ट रूट तिच्याकडे. नियम तेव्हाही एकाच जागी राहतात. फक्त दोन फायरवॉल असतील तर जाताना एक आणि येताना दुसरी असं होऊ देऊ नका, परतीच्या पॅकेटचं सेशन तिथे नसतं आणि ती टाकून देते. दोन्ही टेबलांत पसंतीचा रूट एकाच फायरवॉलकडे ठेवा.