मदत हवी आहे: नागपुरात संध्याकाळी भेटणारी काउन्सेलर

वय 23, मानेवाड्याला राहते. दोन वर्षांचं रिलेशन चार महिन्यांआधी तोडलं, मारायचा, फोन चेक करायचा, सगळंच. ब्लॉक केलं तरी नवीन सिमवरून मेसेज करून राहिला, स्क्रीनशॉट जपून ठेवलेत. सीताबर्डीत मागून बुलेटचा आवाज आला की अजूनही हात गार पडतात, परवा पाणीपुरीची प्लेटच सुटली. 14416 वर (टेली-मानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) दोनदा बोलले, त्या रात्री झोप लागली, पण मला समोर बसून एकाच बाईशी बोलायचंय. घरी माहीत नाही म्हणून "आईला सांग" प्लीज नको, सध्या नाहीच जमत. ऑफिस सहापर्यंत, एका वेळचे 500 च्या वर झेपत नाही. मराठीत बोलणारी, अशा केसेस केलेली कोणी माहीत आहे का? आणि पोलिसांत नुसता अर्ज दिला तर ते घरी फोन करतात का?