ऑटिझम असलेलं मूल आणि घटस्फोट : ताबा निम्मानिम्मा असावा का?

कोरा_कागद
माझं मत स्पष्ट आहे. ऑटिझम असलेल्या मुलाला आठवडा आईकडे, आठवडा बाबांकडे असं फिरवू नये. एक मुख्य घर असावं आणि दुसऱ्या पालकाचे वार ठरलेले असावेत. झोप, शाळा, थेरपी यांची घडी बसायलाच महिने जातात. नव्या घरात पहिल्या रात्री मूल टक्क जागं असतं. जरा रुळतंय तोवर बॅग भरायची वेळ! संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाच्या हिताला प्राधान्य द्या असं म्हटलंय, आईबापांत समसमान वाटणी करा असं नाही.

उंटावरचा_शहाणा
अजिबात पटलं नाही. मुख्य घर बहुतेक वेळा आईचं ठरतं आणि बाप रविवारचा पाहुणा होतो. पाहुण्याला दात घासून घेण्याची युक्ती कशी कळणार? सलग चार दिवस मूल सांभाळल्याशिवाय काही समजत नाही. आणि त्या आईला सुट्टी कधी? दोन्ही घरांत दाराजवळ दिवसाच्या कामांचा एकच चित्र-तक्ता, तोच क्रम, झोपायची तीच वेळ, एवढं ठेवलं तर बरीच मुलं दोन घरं पेलतात.

टवाळ
तसंही अशा ८० टक्के जोडप्यांचे घटस्फोट होतातच म्हणे.

टिंब
हा आकडा वर्षानुवर्षं फिरतोय, बुडाशी काही नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरचा २०१२ चा अभ्यास आहे. आपल्या दोन्ही पालकांसोबत राहणारी मुलं ऑटिझम असलेल्यांत ६४ टक्के, इतरांत ६५. उलट २०१० च्या दुसऱ्या अभ्यासात घटस्फोट २३.५ टक्के आणि तुलनेच्या गटात १३.८ निघाले. म्हणजे धोका वाढतो की नाही यावर वाद होऊ शकतो, ८० वर नाही. त्या २०१० च्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र या धाग्याच्या कामाची आहे : इतर घरांत मूल आठेक वर्षांचं झालं की धोका उतरतो, इथे ते मोठं होईपर्यंत तसाच राहतो.

रातराणी
माझी मुलगी बोलत नाही, टॅबलेटवर चित्रं दाबून सांगते. वेगळे झाल्यावर पहिलं भांडण त्या टॅबलेटवरून. 'पैसे मी भरलेत, तो इथेच राहील.' म्हणजे आईकडे येताना पोरीने तोंड तिकडेच ठेवून यायचं! मग घरी पाहणीला आलेल्या माणसाचा अहवाल आला : वडिलांकडे शांत असते, आईकडे आरडाओरडा करते. निष्कर्ष, आईला जमत नाही. अहो, दिवसभर दाबून धरलेलं जिथे सुरक्षित वाटतं तिथेच बाहेर पडतं. ऑटिझमची माहिती नसलेल्या माणसाने दोन तास घरी येऊन ताब्याबद्दल लिहू नये.

उंटावरचा_शहाणा
रातराणीताई, टॅबलेटबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूने. तो मुलासोबतच फिरला पाहिजे, घटस्फोटाच्या करारात तसं लिहूनच घ्या. पण आरडाओरडा म्हणजे सुरक्षित वाटतं, हे दर वेळी खरं नसतं. कधी त्या घरात टीव्ही मोठा असतो, कधी कान दुखत असतो. दोन्ही घरांत फिरणारी एक वही ठेवा : झोप किती, खाल्लं काय, बिनसण्याआधी काय घडलं. महिनाभरात चित्र दिसायला लागतं.

खडूस
मूल एकाच घरात ठेवून आईबापांनी आळीपाळीने येऊन राहावं. बॅग मोठ्यांनी भरावी!

कोरा_कागद
@खडूस, तत्त्वतः उत्तम, पण तीन घरांचं भाडं कोण देणार? आणि जिच्याशी पटलं नाही तिची खरकटी भांडी दर आठवड्याला घासायची?
वहीचं पटलं. निम्म्या वाटणीचं अजून नाही. आणि एक प्रश्न कुणीच घेतला नाही : अठरा पूर्ण झाले की ताब्याचा कागद संपतो, पण आंघोळ घालणं आणि औषधं देणं चालूच राहतं. त्याची वाटणी आत्ताच्या करारात कुणी लिहून घेतली आहे का?

रातराणी
आम्ही पोटगीचं कलम अठराच्या पुढे नेलंय. सांभाळायचं कोणी, त्यावर वकिलांची तिसरी बैठक आहे.