एंडोमेट्रिओसिसचा संशय: सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर नेमकं काय लिहायचं?

कडूलिंब
तालुक्याला जनरल प्रॅक्टिस आहे. पाळीत गडाबडा लोळणाऱ्या मुली येतात. 'यूएसजी पेल्विस' (ओटीपोटाची सोनोग्राफी) लिहून धाडलं की रिपोर्ट नॉर्मल, मग मेफेनॅमिक ही दुखण्याची गोळी, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. यातल्या कुणाला एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या) संशयाने पुढे पाठवायचं, आधी काय करून घ्यायचं आणि कुठल्या तपासणीत पैसे वाया जातात? एमआरआय जिल्ह्याला होतो, दुर्बीण (लॅप्रोस्कोपी) पुण्याला.

साळुंकी
संशय प्रश्नांवरून घ्यायचा, रिपोर्टवरून नाही. पाळीत शाळा-काम बुडतं का? त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला दुखतं का? संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं का? ओटीपोट सहा महिन्यांहून जास्त दुखतंय का? ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य संस्थेची २०१७ ची मार्गदर्शिका यातलं एक लक्षण असलं तरी संशय धरा म्हणते. सासू शेजारी बसली असेल तर संबंधांबद्दल खरं उत्तर मिळत नाही, तेव्हा बीपी घ्यायच्या निमित्ताने बाईला एकटीला आत घ्या. 'आयबीएस' (आतड्याची जुनाट तक्रार) म्हणून इसबगोलावर ठेवलेल्यांनाही विचारा, पोटाचा त्रास पाळीच्या आसपासच वाढतो का.

सोबत दोन-तीन महिने कॅलेंडरवर रोजची नोंद: दुखणं ० ते १०, गोळ्या किती, शौच-लघवीचा त्रास. पुढच्या डॉक्टरला हा कागद फार कामाचा.

सीए-१२५ ही रक्ततपासणी करू नका. पाळीत वाढतं, फायब्रॉइडमध्ये वाढतं, पोटाच्या टीबीतही वाढतं, आणि नॉर्मल आलं तरी आजार नाही असं म्हणता येत नाही.

प्रोब_आणि_जेल
'यूएसजी पेल्विस' म्हटलं की सेंटरवर पोटावरून, भरल्या मूत्राशयाने, पाच मिनिटांत काम उरकतं. त्यात मोठी चॉकलेट सिस्ट (ओव्हरीतली जुन्या रक्ताची गाठ) दिसेल, गर्भाशयामागे चिकटलेलं आतडं दिसणार नाही. चिठ्ठीवर टीव्हीएस, म्हणजे योनीमार्गातून सोनोग्राफी मागा आणि असं लिहा: 'टीव्हीएस. एंडोमेट्रिओसिसचा संशय, पाळीत शौचाला दुखतं. ओव्हरींची हालचाल, स्लाइडिंग साइन, युटेरोसॅक्रल लिगामेंट, रेक्टोसिग्मॉइड, मूत्राशय पाहावं. दोन्ही किडन्या पाहाव्यात.' (युटेरोसॅक्रल म्हणजे गर्भाशयाला मागून धरणारे बंध, रेक्टोसिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग; स्लाइडिंग साइन खाली आहे.) किडन्या विसरू नका. गाठीने मूत्रवाहिनी आवळली तर कधी कधी काहीच न दुखता किडनी फुगते आणि निकामी होते.

'आयडिया' या तज्ज्ञांच्या गटाने २०१६ मध्ये या सोनोग्राफीच्या पायऱ्या ठरवून दिल्यात. आधी गर्भाशय आणि ओव्हरी, मग प्रोबच्या दाबाने नेमकं कुठे दुखतं आणि ओव्हरी हलते की चिकटलीय, मग स्लाइडिंग साइन, शेवटी आतडं-मूत्राशयातल्या खोल गाठी. स्लाइडिंग साइनला मिनिटभरही लागत नाही. प्रोबने गर्भाशयाचं मुख हलकेच ढकलायचं आणि मागे आतड्याची पुढची भिंत मोकळी सरकते का ते पाहायचं. मग दुसरा हात ओटीपोटावर ठेवून गर्भाशय हलवायचं आणि वरच्या भागामागेही आतडं घसरतं का ते पाहायचं. रिपोर्ट वाचताना घोळ इथेच होतो: इथे 'पॉझिटिव्ह' म्हणजे मोकळं, 'निगेटिव्ह' म्हणजे मागची जागा चिकटून बंद झाल्याचा संशय.

सिस्टमध्ये घासलेल्या काचेसारखा एकसारखा धुरकटपणा असेल तर चॉकलेट सिस्ट. पण नुसतं रक्त साकळलेली सिस्टही फसवते. शंका असली तर ६ ते ८ आठवड्यांनी, पाळी संपल्या संपल्या परत पाहा. रक्ताची असेल तर बहुधा विरलेली असते.

कडूलिंब
अविवाहित मुलींचं काय? घरचे टीव्हीएसचं नावही काढू देत नाहीत.

प्रोब_आणि_जेल
मुलीचीच तयारी नसेल तर करूच नये. त्याच प्रोबने गुदमार्गातून तपासता येतं, मागचा भाग बरा दिसतो, पण तेही नीट समजावून, संमतीने. तेही नको असेल तर एमआरआय. पोटावरूनच केली असेल तर रिपोर्टवर 'पोटावरून, मर्यादित तपासणी' असं लिहून घ्या. नाहीतर तो 'नॉर्मल' शिक्का वर्षानुवर्षं फाइलमध्ये फिरतो.

एमआरआय सेंटरला आधी फोन करा. ४ ते ६ तास उपाशी, मूत्राशय अर्धवट भरलेलं, आणि स्कॅनआधी हायोसिन ब्युटाइलब्रोमाइडचं इंजेक्शन, कारण आतडी हलली की चित्र पुसट होतं. या इंजेक्शनआधी काचबिंदू वगैरे विचारायचं. टी२ आणि टी१ या चित्र काढायच्या दोन पद्धती: टी२ तिन्ही दिशांनी, टी१ साधं आणि फॅट सप्रेशनसह (चरबीचा पांढरेपणा दाबून). हे दुसरं टी१ हमखास गाळलं जातं. साध्या टी१ वर चरबी आणि जुनं रक्त दोन्ही पांढरं दिसतं, त्यामुळे डर्मॉइड (चरबी असलेली गाठ) की चॉकलेट सिस्ट ते कळत नाही.

साळुंकी
एवढं करूनही पोटाच्या आवरणावरचे उथळ ठिपके सोनोग्राफीत नाहीत, एमआरआयमध्येही बहुधा नाहीत. म्हणून 'एश्रे' या युरोपीय प्रजनन-तज्ज्ञांच्या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका निदानासाठी दुर्बीण प्रत्येकीला घालाच असं म्हणत नाही. स्कॅन स्वच्छ आणि लक्षणं ठसठशीत असतील तर औषध सुरू करता येतं: डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज, किंवा दोन हार्मोनच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या. संयुक्त गोळ्यांआधी बीपी, डोळ्यांपुढे चमकणारी मायग्रेन आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास विचारा. तीन महिन्यांनी तीच नोंदवही पाहा. मात्र आराम पडला म्हणून निदान सिद्ध होत नाही, आणि नाही पडला म्हणून खोडलंही जात नाही. मूल हवं असेल तर या गोळ्यांचा मार्ग बंद, थेट पुढे पाठवा.

फॉर्मालिन
दुर्बीण ठरलीच तर नुसतं 'बघून बंद' करणाऱ्याकडे नको. ओव्हरी उचलून तिच्याखालची जागा, युटेरोसॅक्रल, मूत्राशयावरची घडी, अपेंडिक्स, डायफ्राम, या सगळ्यांचे फोटो मागा. डाग काळेच असतात असं नाही. लाल, पांढरे, पाण्याच्या फोडासारखेही असतात. प्रत्येक जागेचा तुकडा वेगळ्या बाटलीत, १० टक्के फॉर्मालिनमध्ये, जागेचं नाव लिहून. आधी जाळून मग पाठवलेला तुकडा वाचता येत नाही. हार्मोन चालू असतील तर ग्रंथी सुकलेल्या असतात, तेही फॉर्मवर लिहा. आम्ही पॅथॉलॉजीवाले सीडी१० ची खास तपासणी लावून ग्रंथींभोवतालच्या पेशी शोधतो.

कडूलिंब
आणि टीबीची शंका असेल तर?

फॉर्मालिन
मग एक तुकडा साध्या सलाईनमध्ये वेगळा ठेवायला ऑपरेशनआधीच सांगून ठेवा. सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) त्यावर होतं. फॉर्मालिनमध्ये पडला की कल्चर संपलं.