क्रुसेडर किंग्ज ३ (मध्ययुगीन राजघराणी चालवायचा कॉम्प्युटर गेम): राजा मेला की जमिनीची वाटणी, काय करू?

मन्स्टरकर:
१०६६ सालापासून सुरू होणारा डाव खेळतोय, आयर्लंडमधलं मन्स्टर घेतलं होतं. लढून लढून लेन्स्टर, कॉनॉट हे तिथलेच भाग आणले, आयर्लंडचा राजा झालो आणि काल रात्री म्हातारा गेला तर तिन्ही पोरांत जमीन वाटली गेली, थोरल्याकडे सहातल्या दोनच काउंट्या (जिल्हे) उरल्या आणि धाकटे दोघं फॅक्शन (बंडखोर गट) काढून माझ्याच उरावर बसलेत. फार मेहनतीने उभं केलं होतं हो सगळं. थोरल्यालाच सगळं देणारा कायदा दिसतो, पण बंद आहे.

गढीवाला:
तो प्रायमोजेनिचर. त्याचं इनोव्हेशन (तो कायदा खुला करणारा शोध) लेट मिडिव्हल युगातलं आहे आणि ते युग १२०० च्या आधी सुरूच होत नाही, त्यामुळे तोवर वाटणी होणारच, कोणाच्या वाट्याला काय जाईल एवढंच आपल्या हातात. राजधानीची काउंटी थोरल्याकडेच राहते, म्हणून पैसा आधी तिथे ओतायचा. राजा पन्नाशीला आला की सक्सेशनचा (वारशाचा) टॅब उघडून बघत जा, कोणती काउंटी कोणाला जाणार ते तिथे आधीच दिसतं. धाकट्यांना वेल्समध्ये जमीन जिंकून दे, पण अर्ध्याहून जास्त वेल्स स्वतःच्या ताब्यात आणू नकोस, कॉन्फेडरेट पार्टिशन (सुरुवातीचा वाटणीचा कायदा) असेल तर राजा मेल्यावर गेम आपणहून वेल्सचं राज्य बनवून धाकट्याला देतो आणि तो सरळ स्वतंत्र होतो. माझं असंच अर्धं राज्य गेलंय.

सरंजाम_११:
हे गेमने उगाच घातलेलं नाही, ८४३ मध्ये व्हर्डनच्या तहात शार्लमेनच्या तीन नातवांनी साम्राज्य असंच वाटून घेतलं होतं. आणि डोमेन लिमिट (स्वतःकडे किती जागा ठेवता येतात ती मर्यादा) बघ, पोराची स्ट्युअर्डशिप (कारभाराचं कौशल्य) बापापेक्षा कमी असेल तर लिमिट खाली येतं आणि मर्यादेवरच्या प्रत्येक होल्डिंगमागे (जागेमागे) कर आणि लेव्ही (सैनिकभरती) दोन्ही कापले जातात. त्याला स्ट्युअर्डशिप चांगली असलेली बायको बघ, तिला डोमेन सांभाळायचं काम दे, लगेच फरक पडतो.

मन्स्टरकर:
आयरिश आहे तर टॅनिस्ट्री (मतांनी वारस निवडायचा कायदा) लावू का?

गढीवाला:
लाव, पण जपून. मतं पुतण्याला पडली तर मुकुट त्याच्याकडे आणि काउंट्या पोरांकडे जातात. त्यापेक्षा एखाद्या धाकट्याला मठात जायला सांग, वाटेकरी कमी होतो.

मन्स्टरकर:
बरोबर आहे, आत्ता बघितलं, राजाला परत तीन मुलगे झालेत. मधल्याला आजच मठात धाडतो आणि लेन्स्टरमधलं बांधकाम थांबवून सगळं सोनं राजधानीत लावतो.