माथेरानला पत्नीसह घोड्यावरून रपेट : मार्गदर्शन हवे आहे

दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवार-रविवारी माथेरानला मुक्काम करून, पहाटे पॅनोरमा पॉइंटकडे जाणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटेने पत्नीसह घोड्यावरून रपेट करण्याचा विचार आहे. मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे बंदी असल्याने तिथली शांतता आम्हा दोघांनाही फार प्रिय आहे. मला थोडाफार सराव आहे. पत्नी मात्र प्रथमच घोड्यावर बसणार असल्यामुळे तिला शांत स्वभावाचा घोडा मिळावा आणि घोडेवाल्याने लगाम धरून सोबत चालावे, अशी इच्छा आहे. तंग (खोगीर घोड्याच्या पोटाखालून बांधण्याचा पट्टा) नीट आवळला आहे ना, खोगिराखाली जखम नाही ना, हे मी स्वतः पाहीनच (दुखावलेल्या जनावरावर बसणे आम्हाला मान्य नाही). परंतु हेल्मेट तिथे मिळते की घरून न्यावे, आणि नवख्या स्वारासाठी ही वाट योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.